लाभ, दोन, तीन

नारायण गेला हे मला ज्या गाडीवानाने सांगितलं, त्याने आधी माझ्याकडे तंबाखू मागितली. हुणसूरच्या आमच्या शाळेच्या पायरीवर तो ऐसपैस बसला, चुना लावून तंबाखू मळली, गालात सारली, आणि मग म्हणाला, "मैसूरच्या रंगाऱ्यांच्या गल्लीतले मेष्ट्रु तुमचे दोस्त ना? ते गेले. परवा." आमच्याकडे मास्तरांना मेष्ट्रु म्हणतात. मी ओरडलोच त्याच्यावर. "अरे गाढवा, आधी हे सांगायचं, मग तंबाखू मागायची!" तो शांतपणे म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर तुम्ही तंबाखू दिली नसती. आणि ते काही परत आले नसते." त्याचं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. तीन दिवसांच्या तापाने माणूस जातो, आणि पंचवीस-तीस मैलांवरच्या मित्राला खबर पोचते ती सगळं उरकल्यावर. मी त्याच गाडीने निघालो. पोचलो तेव्हा ओसरीवर फक्त त्याच्या चपला होत्या. उचलून ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

या पुरवणीच्या संपादकांनी "चार गोड आठवणी लिहा" असं पत्र पाठवलंय. गोड कुठून आणू? महिना झाला त्याला जाऊन, आणि महिनाभर मी चिडलेला आहे. शिक्षणखात्यावर चिडलोय, नारायणवर चिडलोय, सगळ्यांत जास्त स्वतःवर. बारा वर्षं एक गोष्ट त्याला सांगायची होती. आज सांगू, दसऱ्याला सांगू, पुढच्या खेपेला सांगू... असं करत राहिलो. आता सांगायला माणूसच नाही. तेव्हा ती इथे सांगतो. वाचणाऱ्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं.

नारायण रंगाऱ्याच्या घरातला. बाजारामागच्या गल्लीत त्यांचे रंगाचे हौद होते, आणि मास्तर होऊन वर्षं लोटली तरी त्याच्या नखांच्या कडा निळ्याच दिसायच्या. मी जुन्या शिपाईगड्यांच्या घरातला. माझ्या पणज्याने राजाच्या फौजेत घोडा ठेवला होता, हे मी नारायणला पहिल्याच दिवशी ऐकवलं, ती चूकच झाली. तेव्हापासून मी त्याचा "रावसाहेब". "काय रावसाहेब, पणज्याने तलवार चालवली, तुम्ही खडू चालवा!" आम्ही दोघं एकाच सकाळी मैसूरच्या एकाच शाळेत रुजू झालो. शाळा कानडी, पोरं निम्मी मराठी घरांतली. पोरं घरची मराठी बोलता बोलता कानडीत घुसत आणि कानडीत बोलता बोलता मराठीत परत येत. आम्हीही तेच करत होतो. पुण्याकडच्या कुणी आमचं बोलणं ऐकलं तर हसेल. हसू दे.

त्याचं गणित हौदावर घडलेलं होतं. इतक्या लुगड्यांना इतके तांबे रंग, कापड जाड असेल तर सवाई, दुसऱ्यांदा बुडवायचं असेल तर रंग निम्मा... हे सगळं त्याच्या बापाला तोंडपाठ, आणि बापाला अक्षर ओळखता येत नव्हतं. त्यामुळे वर्गातल्या पोरांना गणित येत नाही असं कुणी म्हणालं की नारायणचं टाळकं फिरायचं. पाटीवर अपूर्णांकाचं उदाहरण घातलं की आमची पोरं पाटीकडे बघत बसत, हे खरंच होतं. मी म्हणायचो, "दगड आहेत रे दगड." तो म्हणायचा, "दगड आपण आहोत. त्यांना काय येत नाही हे बघायला सगळं खातं बसलंय. काय येतं ते बघायला कोण आहे?"

एकदा त्याने मला हाताला धरून फुलबाजारात नेलं. तिथे आमच्याच शाळेतली, तेव्हा तिसरीत असलेली अंबू बसली होती. दहा वर्षांची असेल. रंगाऱ्यांच्याच गल्लीतली, बाप नुकताच वारलेला, आई जाईच्या माळा गुंफायची आणि ही शाळा सुटल्यावर त्या विकायची. मैसुरात माळ हाताने मोजून देतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ. गिऱ्हाइकाने पाच मोळ मागितले आणि अंबूने कोपरावर माळ सहा वेळा धरली. मी म्हटलं, "अगं, पाच मागितले ना?" ती माझ्याकडे, वर्गात मी तिच्याकडे बघायचो तशी बघायला लागली. "अय्यो मेष्ट्रे, आईचा हात चोवीस बोटं आहे. माझा वीसच. पाच मोळाला सहा घालायला नकोत?" "आणि अडीच मागितले तर?" "तीन." "दहा?" "बारा. पण दहा कोण घेतंय, लग्न आहे का?" नारायण शेजारी उभा राहून नुसता मिशीत हसत होता. त्याच दिवशी सकाळी मी या पोरीला अपूर्णांक येत नाही म्हणून बाकावर उभं केलं होतं.

तिथून त्याचं वेड सुरू झालं. वेडच म्हणतो मी. एक पत्र्याची पेटी घेतली. तिच्यात पाव आणि शेर ही पितळी मापं (चार पावांचा शेर), गाठी मारलेली दोरी, विड्याच्या पानांची चळत, नाचणीची पिशवी. दर शनिवारी एकेका मुलाला बोलावून पेटीतून परीक्षा घ्यायची. ही नाचणी मोज, किती पाव झाली, शेर किती, पाच घरांना सारखी वाटली तर एकेकाला किती, उरली किती. ही दोरी बघून सांग, दाराला पुरेल का? लिहायचं काही नाही. प्रत्येक मुलाच्या नावाचा एक कागद, त्यावर हा लिहिणार, मुलाने काय केलं आणि कसं केलं. "कसं केलं" याला तो जास्त जागा सोडायचा. मुख्याध्यापक कपाळाला हात लावायचे. नाचणीमुळे शाळेत उंदीर झाले, उंदरांमागे मांजर आलं, मांजराने नकाशांच्या कपाटात पिल्लं घातली. मुख्याध्यापक म्हणाले, "नारायणराव, तुमच्या गणिताने शाळेची गोशाळा होणार." नारायण म्हणाला, "मांजराला पिल्लं मोजता येतात साहेब. एक उचललं की शोधायला लागतं." अशा माणसापुढे काय बोलणार!

वर्षभर त्याने खात्याला अर्ज केले. वार्षिक परीक्षेत पाटीच्या जोडीला ही पेटीची परीक्षाही धरा, नुसती एक शाळा करून बघा. एकही उत्तर आलं नाही. मग तो कचेरीत जाऊन बसायला लागला. रोज शाळा सुटली की तिथल्या बाकावर. कारकून कंटाळले, शिपाई कंटाळला, शेवटी तपासणीचे साहेबही कंटाळले, आणि म्हणाले, "बरं, यंदा तुमच्या चौथीच्या वर्गावर करून बघतो. जमलं तर जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना लावू." नारायण त्या दिवशी माझ्या घरी धावत आला. माझ्या बायकोने दिलेली कॉफी पिता पिता म्हणाला, "वैनी, आमची अंबू पहिली येणार बघा. ती पुढे शिकणार, मेष्ट्रु होणार. तिच्या आईने कबूल केलंय, चौथी पास झाली तर पुढे धाडीन म्हणून." एका पोरीची चौथी आणि जिल्ह्यातल्या सगळ्या पोरांची परीक्षा, दोन्ही त्याने त्या एका सकाळवर लावून ठेवली होती. इतका आनंदलेला मी त्याला त्याआधी पाहिला नव्हता. नंतरही नाही.

आता ती सकाळ. नियम असा, की वर्गाच्या मास्तराने परीक्षेच्या खोलीत थांबायचं नाही. म्हणून नारायण बाहेर चिंचेखाली, आणि आत साहेबांना मदतीला मी. पेटी ठेवायची, नाचणीचा ढीग करायचा, मुलांची नावं पुकारायची. साहेब माणूस वाईट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. मोठ्या घरचा, परगावी शिकलेला, लहानपणापासून घरात धान्य मोजायला गडीमाणसं. स्वच्छ कपडे, नीट टोक केलेली पेन्सिल. मुलांनी एकमेकांचं ऐकून सांगू नये म्हणून नारायणनेच सुचवलं होतं की प्रत्येकाला वेगळा ढीग द्या. किती भरेल ते आधी कुणालाच ठाऊक नको. मूल मोठ्याने मोजेल, साहेब ऐकतील, आणि प्रत्येक आकड्याला कागदावर एक रेघ मारतील. सोपं होतं सगळं.

पहिली अंबू. तिने ढिगाला हात जोडले, पाव भरला, बोटाने वरचा थर सपाट केला, आणि सुपात ओतला. "लाभ." मग दुसरा. "दोन." मग "तीन", "चार"... सगळं कानडीत, खणखणीत. तुमच्याकडेही धान्य असंच मोजतात असं मी ऐकतो. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. आमच्या गावात तर मराठी काय, कानडी काय, ज्याच्या घरात धान्य मोजतात त्याच्या तोंडी लाभच येतं. माझी आई रोज सकाळी चुलीपाशी म्हणायची. माझ्या कानांना त्यात काही वेगळं वाटलंच नाही. नारायणलाही वर्षभर वाटलं नव्हतं. इतकी तयारी केली त्याने, दोरीच्या गाठी तीनदा तपासल्या, पण हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याच्या कानाला लाभ हा "एक"च वाटत होता. अंबू बाराला थांबली, सुपावर हात फिरवून म्हणाली, "बारा पाव. तीन शेर बरोब्बर." साहेबांनी कागदावरच्या रेघा मोजल्या. अकरा.

"पावणेतीन शेर," साहेब म्हणाले. "तू दोनपासून सुरुवात केलीस. पुन्हा मोज." तिने पुन्हा मोजलं. लाभ, दोन, तीन... बारा. पुन्हा अकरा रेघा. साहेब समजुतीने म्हणाले, "बाळ, आधी एक म्हण. मग दोन." अंबूने पाव खाली ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. नाही म्हणाली. का नाही म्हणाली ते मला ठाऊक होतं. रंगाऱ्यांच्या गल्लीत "एक" म्हणून धान्य मोजतात ते फक्त मयताचं. पिंडाचे तांदूळ. त्या पोरीने सव्वा वर्षापूर्वी बापाच्या दहाव्याला ते ऐकलं होतं, आणि आता घरात आई एकटी. ती एक म्हणणारच नव्हती. तिला मारलं असतं तरी म्हणाली नसती.

साहेबांनी माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं. शब्द अजून आठवतात मला. ही पहिल्या मापाला काहीतरी म्हणते ते काय आहे, तुम्हाला ठाऊक आहे का?

तेव्हा माझी नोकरी कायम व्हायची होती, आणि तो कागद साहेबांच्या त्याच चामडी पिशवीत होता. त्याच महिन्यात खात्याचं पत्रक आलं होतं, घरातल्या भाबड्या समजुती मास्तरांनी वर्गात शिरू देऊ नयेत, दिल्या तर जाब विचारला जाईल. मला वाटलं, लाभबिभ सांगत बसलो तर साहेब म्हणतील, हेच शिकवता का तुम्ही दोघं? हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. आणि मी म्हणालो, "ठाऊक नाही, सर." इंग्रजीतच म्हणालो. अंबूला इंग्रजी कळत नव्हतं. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि तिला कळलं असं मला त्या वेळीही वाटलं, आजही वाटतं.

मग काय, एकामागून एक सगळी लाभच म्हणत आली. बाजारातली पोरं, गिरणीपाशी राहणारी, न्हाव्याचा मुलगा, कुंभाराची दोघं. साहेबांच्या रेघा प्रत्येक वेळी एकाने कमी. वर्गात तीन मुलं वकील-कारकुनांच्या घरची होती. त्यांनी जन्मात पाव हातात धरला नव्हता. त्यातल्या एकाने माप अर्धंच भरलं, वाटेत नाचणी सांडली, पायाने कोपऱ्यात सारली, पण "एक, दोन, तीन" असं छान म्हणाला आणि साहेबांच्या रेघा जुळल्या. पास! मी तिथे उभा राहून त्याचं नाव पासाच्या यादीत लिहिलं. अंबूचं नाव कुठे लिहिलं ते सांगायला नको. अक्षर माझंच.

अहवाल आला. मुलांना एकापासून मोजताही येत नाही, सबब असल्या परीक्षेचा प्रयोग पुढे चालवण्यात अर्थ नाही. नारायणने हा कागद मुख्याध्यापकांच्या खोलीत वाचला. अंबूनेच त्याला सांगितलं होतं काय झालं ते, पण तिला अर्धंच ठाऊक होतं. त्याने साहेबांना लिहिलं, लाभ म्हणजे काय ते समजावून लिहिलं. उत्तर आलं, की निकाल एकदा लागला की बदलत नाही. पुन्हा लिहिलं. उत्तरही आलं नाही. तिकडे अंबूच्या आईने एका कानडी शब्दात विषय संपवला, "साकु." पुरे झालं. नारायण तिच्या दारात जाऊन बसला, मी होतो बरोबर. तो म्हणत होता, "पोरीची चूक नाही हो, एक वर्ष अजून बसवा." ती बाई माळ गुंफता गुंफता म्हणाली, "चूक नव्हती तर नापास कशी झाली, मेष्ट्रे?" याचं उत्तर माझ्यापाशी होतं. मी मूग गिळून बसलो.

त्यानंतर काही दिवसांनी दसऱ्याच्या सवारीसाठी हत्तींची तालीम चालली होती. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे होतो. हत्ती पुढून गेले, पोरं आरडाओरडा करत मागे धावली, आणि नारायणने सहज विचारलं, "रावसाहेब, त्या दिवशी साहेबांनी तुला काही विचारलं होतं का रे?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "बरं." आणि आम्ही हत्ती बघत राहिलो. पुढच्या महिन्यात माझी नोकरी कायम झाली. पुढे बढती मिळाली, हुणसूरला मुख्याध्यापक म्हणून आलो. नारायण त्याच शाळेत, त्याच चौथीवर राहिला.

आणि त्याने सोडलं नाही, याचाच मला राग येतो! बारा वर्षं दर शनिवारी ती पेटी उघडत होता. खात्यात साहेब बदलले, कारकून बदलले, याचे अर्ज चालूच. मी त्याला सांगायचो, "अरे सोड आता. तुझ्या अर्जांची पुडकी बांधून विकत असतील." तो म्हणायचा, "पुडक्यात बांधतानाही कुणीतरी वाचेल." मी हुणसूरहून गेलो की कॉफी, इडली, गप्पा, "काय रावसाहेब, तुमच्या शाळेत पोरं काय मोजतात?" माझ्या मुलीच्या लग्नात वाढायला उभा राहिला. पंगतीला किती तांदूळ लागेल ते त्यानेच काढून दिलं, एक शेरही उरला नाही. मला कितीदा वाटलं, आता सांगावं. त्याचं तोंड इतकं मोकळं असायचं की शब्द घशातच राहायचा... नाही, हे खोटं झालं. मी भित्रा, म्हणून सांगितलं नाही.

दहाव्याच्या दिवशी ओसरीवर बसलो होतो. आत पिंडाचे तांदूळ मोजायचे होते. नारायणच्या बायकोने पाव उचलला आणि तसाच खाली ठेवला. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. त्यांतली एक पुढे झाली, कडेवरचं मूल दुसरीकडे दिलं. बावीस-तेवीस वर्षांची असेल, केसांत फुलं नव्हती त्या दिवशी, बोटांना मात्र माळेच्या दोऱ्याचे घट्टे दिसत होते. अंबू. तिने तोच पितळी पाव घेतला, भरला, बोटाने सपाट केला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "एक."

साहेबांनी इतकं समजावलं तेव्हा जे तोंडातून निघालं नाही, ते तिने नारायणसाठी म्हटलं. मी उठून बाहेर गेलो. माझ्याच्याने तिथे बसवेना.

निघताना नारायणच्या बायकोने, आमच्या वैनींनी, पेटी माझ्या हातात दिली. "तुम्ही मास्तर, तुम्हालाच उपयोग." हुणसूरला येऊन ती उघडली. वर मुलांचे कागद, बारा वर्षांचे, प्रत्येकावर "कसं केलं" भरून लिहिलेलं. तळाशी पाव, आणि पावात चौघडी घातलेला एक कागद. त्या अहवालाची नक्कल. पुरी, नारायणच्या अक्षरात. शेरे-बिरे सगळे उतरवलेले. अंबूच्या नावापुढे साहेबांचा शेरा होता: पहिल्या मापास ही मुलगी एक निरर्थक शब्द उच्चारते, सहायक शिक्षकास विचारले असता त्यासही त्याचा अर्थ सांगता आला नाही.

नकलेखाली तारीख होती. हत्तींच्या तालमीच्या चार दिवस आधीची.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याने मला विचारलं, तेव्हा ठाऊक होतं. मला एक संधी दिली त्याने, आणि मी "नाही" म्हणालो, आणि तो "बरं" म्हणाला. मग बारा वर्षं माझ्याबरोबर कॉफी प्यायला. मी तो कागद उलटापालटा केला, कुठे काही लिहिलंय का बघितलं. एक शिवी तरी लिहायची होती, नारायणा! एक रेघ तरी ओढायची होती त्या वाक्याखाली. काही नाही. कोऱ्या कडा. माझ्यावर ओरडला असतास, गल्लीत चार लोकांसमोर माझी अब्रू काढली असतीस, तर मी त्याच दिवशी साहेबांच्या दारात जाऊन उभा राहिलो असतो... कुणास ठाऊक, राहिलो असतो की नाही.

पाव आता माझ्या टेबलावर असतो. शनिवारी पेटी उघडतो. आमच्या हुणसूरच्या पोरांपुढे नाचणीचा ढीग करतो, आणि पोर पहिलं माप ओतून "लाभ" म्हणालं की कागदावर पहिली रेघ मारतो. पुढच्या महिन्यात तपासणी आहे. नव्या साहेबांच्या नावाने अर्ज लिहून ठेवलाय, पेटीची परीक्षा धरा म्हणून. परीक्षेला मी आतच उभा राहणार आहे, आणि साहेब मला विचारोत न विचारोत, पहिल्या मापालाच सांगणार आहे. बारा वर्षांपूर्वी सांगायला चारच शब्द लागत होते. साहेब, लाभ म्हणजे एक.